घरचे नियम आणि कौशल्याचा आकडा

लुडोच्या खोक्यात नियमांचा एक कागद असतो. तो सहसा कोणी वाचत नाही. सहा पडल्याशिवाय सोंगटी बाहेर काढायची नाही, इतके सर्वांना मान्य असते. पण लागोपाठ तीन वेळा सहा पडले तर काय, एका घरात दोन सोंगट्या असल्या तर त्या मारता येतात का, एकही सोंगटी न मारता आपली सोंगटी आत नेता येते का, याची उत्तरे घरोघरी वेगळी असतात. चिंचोके किंवा कवड्या टाकून खेळायच्या आपल्या जुन्या पटांचेही तेच. सुट्टीत मामाच्या गावी गेलेले मूल पहिला डाव मांडण्याआधी विचारते, "तुमच्याकडे कसं खेळतात?" हा प्रश्न शहाणपणाचा आहे. नियम माणसांनी ठरवलेले असतात, ते बदलता येतात आणि बदलायचे तर खेळ सुरू होण्याआधी सर्वांच्या संमतीने बदलावे लागतात, एवढे सगळे त्या प्रश्नात गृहीत धरलेले असते.

घरचा नियम म्हणजे छापील नियमावर खेळणाऱ्यांनी केलेली टीका. कोणाला तरी छापील नियम अन्यायाचा, कंटाळवाणा किंवा खोटा वाटला, म्हणून तो बदलला गेला. आता टीका म्हटली की तिचीही तपासणी व्हायला हवी. या लेखात अशाच काही घरच्या नियमांची तपासणी करायची आहे. ते पात्रांच्या कौशल्यांना आकडे देणाऱ्या एका वेगळ्या जातीच्या खेळातले आहेत. शिक्षकांनी त्यांत लक्ष घालावे, कारण कौशल्याला आकडा देण्याचे काम आपणही वर्षभर करत असतो.

हा खेळ कसा असतो

१९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध झाला. टेबलाभोवती पाच-सहा जण बसतात. त्यांतला एक सूत्रधार होतो. बाकीचे प्रत्येकी एका पात्राची भूमिका घेतात. सूत्रधार प्रसंग सांगतो: समोर दुथडी भरलेली नदी आहे, काठावर एक फुटकी नाव पडली आहे. एक खेळाडू म्हणतो, "मी नाव दुरुस्त करून पाहतो." त्याला ते जमेल का? ते फाशावर ठरते. प्रत्येक पात्राचा एक कागद असतो आणि त्यावर निरनिराळ्या कौशल्यांपुढे आकडे लिहिलेले असतात. खेळाडू फासा टाकतो, पडलेल्या दानात कौशल्याचा आकडा मिळवतो. सूत्रधाराने कामाच्या कठीणपणाचा एक आकडा ठरवलेला असतो. बेरीज त्याच्याइतकी किंवा त्याहून जास्त झाली, तर नाव दुरुस्त झाली. २००० साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून या खेळात कौशल्याचा निकाल वीस बाजूंच्या फाशाने लागतो. इतर कंपन्यांच्या अशाच खेळांत इतर फासे आणि इतर रीती आहेत.

म्हणजे कौशल्याच्या नियमाला तीन गोष्टी सांगाव्या लागतात. कौशल्य कोणाचे, त्याच्या जोडीला नशीब किती, आणि ते वाढते कसे. घरच्या नियमांचे वादही याच तीन ठिकाणी होतात.

कौशल्य कोणाचे

१९७४ च्या मूळ खेळात लढवय्या, जादूगार आणि पुरोहित असे तीनच प्रकारचे नायक होते आणि कौशल्यांची यादी नव्हती. भिंतीवर चढायचे असेल तर कोणीही प्रयत्न करी आणि सूत्रधार तारतम्याने निर्णय देई. १९७५ साली 'ग्रेहॉक' नावाची पुरवणी निघाली आणि तिच्यात 'चोर' हे नवे पात्र आले. कुलूप उघडणे, सापळा निकामी करणे, पावलांचा आवाज न करता चालणे, सावलीत लपणे यांसाठी चोराला टक्केवारी दिली गेली. चोराला काहीतरी मिळाले यात शंका नाही. पण त्याचबरोबर इतरांकडून काहीतरी गेले. चोराला सावलीत लपता येते असे लिहिले, की लढवय्याला ते येत नाही असा अर्थ अनेकांनी काढला. कालपर्यंत जो कोणीही करून पाहत होता, ते काम आज एकाच्या नावावर चढले.

यावर अनेक टेबलांवर निघालेला घरचा तोडगा साधा आहे. प्रयत्न सर्वांनी करावा. ज्याला ते विशेष येते त्याला जादा संधी मिळावी. माझ्या मते हा तोडगा छापील नियमापेक्षा सरस आहे. कौशल्याला नाव देताना ते कोणाच्या तरी मालकीचे करण्याची गरज नसते, हे त्यातून कळते.

आपल्याकडे ही गोष्ट खेळापुरती नव्हती. विणकाम एका जातीचे, चामड्याचे काम दुसरीचे, सफाई तिसरीची, अशी कौशल्यांची वाटणी या समाजाने शतकानुशतके करून ठेवली होती. वर्ध्याला २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि तिच्यातून नई तालीम, म्हणजे वर्धा शिक्षण योजना, पुढे आली. उद्योगातून शिक्षण हे तिचे सूत्र सर्वांना ठाऊक आहे. त्याची दुसरी बाजू अशी, की सेवाग्रामच्या शाळेत सूत प्रत्येक मुलाने कातायचे होते आणि सफाईही प्रत्येकाने करायची होती, मग ते मूल कोणत्याही घरातले असो. खेळाच्या भाषेत सांगायचे तर कौशल्य पात्राच्या जातीला न बांधण्याचा हा नियम होता. समाजाच्या रूढ नियमाविरुद्ध एका शाळेने केलेला तो घरचा नियम होता.

नशिबाचा वाटा किती

आता फाशाकडे वळू. वीस बाजूंच्या फाशात १ पासून २० पर्यंत प्रत्येक दान पडण्याची संभाव्यता सारखीच, म्हणजे ५ टक्के असते. समजा, नाव दुरुस्त करण्याचा कठीणपणा १५ आहे. नवशिक्याचा आकडा ० आहे, अनुभवी माणसाचा ५. नवशिक्याला १५ किंवा अधिक दान हवे. त्याला ते ३० टक्के वेळा मिळेल. अनुभवी माणसाला १० किंवा अधिक हवे. त्याला ५५ टक्के वेळा मिळेल. दोघांची सरळ स्पर्धा लावली, तर दानांच्या ४०० जोड्यांपैकी १०५ जोड्यांत नवशिका जिंकतो. म्हणजे चारांतल्या एका स्पर्धेपेक्षा थोडे जास्तच.

हे खऱ्या अनुभवाशी जुळत नाही, अशी तक्रार जुनी आहे. त्यावरचा एक प्रसिद्ध घरचा नियम असा: वीस बाजूंच्या एका फाशाऐवजी लुडोचे नेहमीचे तीन फासे टाकून त्यांची बेरीज घ्यायची. दोन्हींची सरासरी एकच आहे, १०.५. पण पसारा वेगळा आहे. तीन फाशांच्या २१६ शक्यतांपैकी १० आणि ११ या बेरजा प्रत्येकी २७ प्रकारांनी येतात, तर ३ आणि १८ या प्रत्येकी एकाच प्रकाराने. दाने मध्यावर गोळा होतात. प्रमाण विचलन वीस बाजूंच्या फाशाचे सुमारे ५.८ असते, तीन फाशांचे सुमारे ३. या नियमाने नवशिक्याचे यश ३० टक्क्यांवरून सुमारे ९ टक्क्यांवर येते आणि अनुभवी माणसाचे ५५ वरून ६२.५ वर जाते. सरळ स्पर्धेत नवशिका दहांतून एखादी वेळही जेमतेम जिंकतो.

येथे शिक्षकाने थांबून विचार करावा असे काही आहे. पहिल्या नियमात अनुभवाचे मोल ५ होते आणि एका दानाचा पसारा सुमारे ५.८. जेथे नशिबाचा पसारा कौशल्यातल्या फरकाएवढा किंवा त्याहून मोठा असतो, तेथे एका प्रयत्नावरून कौशल्याचा निवाडा करता येत नाही. वर्षाच्या शेवटी पाच मिनिटांची एकच तोंडी परीक्षा घेतली, तर आपणही वीस बाजूंचा फासा एकदाच टाकत असतो. आकारिक मूल्यमापनात वर्षभर छोट्या छोट्या नोंदी ठेवण्यामागचा गणिती आधार हाच, की अनेक दानांच्या सरासरीचा पसारा कमी होतो.

मग तीन फाशांचा नियम निर्दोष आहे का? नाही. कठीणपणा १८ केला, तर वीस बाजूंच्या फाशाने नवशिक्याला १५ टक्के संधी होती. तीन फाशांनी ती २१६ मध्ये १, म्हणजे अर्ध्या टक्क्याहूनही कमी राहते. त्याच्यासाठी दार जवळजवळ बंद झाले. शिवाय वीस बाजूंच्या फाशावर कौशल्यातला एकेक वाढीव अंक सर्वत्र सारखा, ५ टक्क्यांचा असतो. तीन फाशांवर तोच अंक मध्यभागी १२.५ टक्क्यांचा आणि टोकाला दीड टक्क्याहूनही कमी होतो. ज्याला अंकाची सर्वांत जास्त गरज, त्यालाच तो सर्वांत कमी उपयोगी पडतो. म्हणून हा नियम सरसकट लावू नये. सरावाच्या, शांतपणे करायच्या कामाला तीन फासे शोभतात. धांदलीत, अनोळखी जागी करायच्या कामाला एकच फासा बरा.

तिसऱ्या आवृत्तीत या बाबतीत दोन छापील नियम होते आणि ते मला बहुतेक घरच्या नियमांपेक्षा चांगले वाटतात. काही दडपण नसेल, तर फासा टाकायचाच नाही. दान १० पडले असे मानायचे. आपल्या उदाहरणात अनुभवी माणसाची बेरीज १५ होते. म्हणजे निवांतपणी त्याला नाव नेहमीच दुरुस्त करता येते, आणि हे आपल्या अनुभवाला धरून आहे. दुसरा नियम असा, की चुकल्याने काही नुकसान होत नसेल आणि वेळ भरपूर असेल, तर वीसपट वेळ खर्चून दान २० पडले असे मानायचे. या नियमाने आपला नवशिकाही नाव दुरुस्त करतो. त्याला फक्त वेळ जास्त लागतो. वर्गात हळू शिकणाऱ्या मुलाबद्दल इतके नेमके विधान फार थोड्या नियमांनी केले असेल.

याउलट एक अतिशय लोकप्रिय घरचा नियम टीकेला उतरत नाही. फाशावर २० पडले की काम झालेच आणि १ पडला की फसलेच, असे पुष्कळ टेबलांवर मानतात. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत हे शस्त्राच्या वाराला लागू आहे, कौशल्याला नाही. तरी खेळाडूंना २० पडल्याचा आनंद इतका होतो, की त्यांनी तो नियम सर्वत्र नेला. परिणाम काय होतो ते पाहा. मोडी लिपी कधीही न पाहिलेल्या ४० मुलांपुढे मोडीतला दस्तऐवज ठेवला, तर सरासरी दोघांना तो वाचता येईल. आणि दिवसातून दोनदा नदी ओलांडणारा कसलेला नावाडी सरासरी दर दहा दिवसांनी नाव बुडवील. खेळ रंगतो, हे खरे. पण शिकलेल्याचे शिकणे आणि न शिकलेल्याचे न शिकणे, दोन्ही या नियमात वीसांतून एकदा पुसले जातात.

कौशल्य वाढते कसे

तिसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. १९७८ साली 'रूनक्वेस्ट' नावाचा खेळ आला. त्यात प्रत्येक कौशल्य टक्क्यांत असते. त्यातला वाढीचा मूळ नियम थोडक्यात असा: एखादे कौशल्य वापरून यश मिळाले, तर कागदावर त्यापुढे खूण करायची. साहस संपल्यावर शंभरचा फासा टाकायचा. दान आपल्या टक्क्यांपेक्षा जास्त पडले, तर कौशल्य ५ टक्क्यांनी वाढते. ज्याला कमी येते त्याची वाढ होण्याची शक्यता जास्त, ज्याला पुष्कळ येते त्याची कमी. हे पटण्यासारखे आहे.

पण हिशेब पुरा करून पाहू. एका साहसात एकदाच प्रयत्न झाला असे धरू. कौशल्य 'क' असेल (टक्के दशांशात लिहून), तर खूण मिळण्याची संभाव्यता 'क' आणि नंतर वाढ होण्याची (१ − क). म्हणून दर साहसात अपेक्षित वाढ ५ × क × (१ − क) टक्के. ५० टक्क्यांवर ही वाढ १.२५ आहे. ८० टक्क्यांवर ०.८ आहे. आणि ५ टक्क्यांवर? फक्त ०.२४. वरिष्ठ विद्यार्थ्यांना क × (१ − क) हे रूप ओळखीचे वाटेल. मर्यादित अन्नात यीस्टची संख्या ज्या नियमाने वाढते तोच हा नियम. व्हेरहुल्स्ट या बेल्जियन गणितज्ञाने लोकसंख्येसाठी तो १८३८ साली मांडला. आलेख काढला तर आडव्या पडलेल्या, ताणलेल्या इंग्रजी एस अक्षरासारखी वक्ररेषा येते. तिच्या तळाशी एक लांब, जवळजवळ सपाट भाग असतो. नवशिका त्या सपाट भागात अडकतो. त्याला यश मिळत नाही म्हणून खूण मिळत नाही, खूण मिळत नाही म्हणून कौशल्य वाढत नाही, आणि ते वाढत नाही म्हणून यश मिळत नाही.

यावरचा घरचा नियम एका ओळीचा आहे: प्रयत्न फसला तरी खूण करावी. आता वाढ ५ × (१ − क) होते. ५ टक्क्यांवर ती ४.७५, ५० वर २.५, ८० वर १ आणि ९५ वर ०.२५. दोन्ही नियमांची तुलना करा. ९५ टक्क्यांवर असलेल्या पात्राची वाढ पूर्वी ०.२४ होती, आता ०.२५, त्याला जवळजवळ फरकच पडला नाही. ५ टक्क्यांवर असलेल्याची वाढ मात्र वीसपट झाली. वरच्याचे काही गेले नाही आणि तळाच्याला हलायला जागा मिळाली. एका ओळीच्या बदलाने एवढे साधणारा दुसरा नियम मला या खेळांत आढळत नाही. २०१२ साली निघालेल्या 'डंजन वर्ल्ड' या खेळात तर फसलेल्या प्रयत्नाबद्दल अनुभवाचा गुण देण्याची रीत छापील नियम म्हणूनच आली.

या नियमालाही एक खिंडार आहे. नुसते फसल्याने कोणी शिकत नाही. एकच गणित दहा वेळा त्याच रीतीने चुकवणाऱ्या मुलाला दहा खुणा द्याव्यात का? माझी सूचना अशी, की प्रयत्न फसल्यावर काय चुकले हे खेळाडूला एका वाक्यात सांगता आले आणि ते इतरांना पटले, तरच खूण करावी. त्याने खेळ थोडा मंदावेल. पण टेबलावर बोलणे वाढेल, आणि तेच या खेळाचे बळ आहे.

आकड्यासाठी खेळणे

'रूनक्वेस्ट'च्या खुणांचा आणखी एक परिणाम खेळाडूंच्या चांगल्या ओळखीचा आहे. प्रत्येक शस्त्रापुढे एक खूण मिळते म्हटल्यावर पात्रे पाठीवर पाच-सहा शस्त्रे घेऊन हिंडू लागतात आणि एकाच लढाईत ती बदलून वापरतात. खूण शिकण्याची निशाणी म्हणून योजलेली होती. खेळाडू खुणेसाठीच खेळू लागले.

वर्धा योजनेपुढेही हाच धोका होता. सुताची मोजणी गुंडीने होई. एक तार म्हणजे ४ फूट आणि ६४० तारांची एक गुंडी, म्हणजे २,५६० फूट, साधारण ७८० मीटर. मुलांच्या उत्पादनातून शाळेचा खर्च निघावा, ही कल्पना योजनेत होती. १९३७ च्या परिषदेतच प्रा. के. टी. शहा यांनी या स्वावलंबनाच्या मुद्द्याला विरोध केला. डॉ. झाकिर हुसेन समितीनेही आपल्या अहवालात स्पष्ट इशारा दिला, की आर्थिक बाजूवर भर देण्याच्या नादात शैक्षणिक उद्देश बाजूला पडेल आणि शिक्षक मुलांकडून जास्तीत जास्त काम काढून घेण्यात शक्ती खर्च करतील. योजना मांडणाऱ्यांनीच तिच्या मोजमापातला धोका लिहून ठेवावा, हे आजही अनुकरणीय आहे.

गुंडी मोजायला सोपी आहे, पण सुताचा अंक, त्याची समानता आणि मजबुती तिच्यात दिसत नाही. एकाने भराभर जाडेभरडे सूत काढले, दुसरीने सावकाश बारीक आणि सारखे काढले, तर गुंड्यांच्या आकड्यात पहिला वरचढ ठरेल. एका आकड्यात मावणारे कौशल्य सहसा शिकवण्याजोगे उरत नाही. म्हणून पात्राच्या कागदावर काय, प्रगतिपुस्तकावर काय, आकड्याशेजारी तो कशाचा आकडा आहे हे लिहिलेच पाहिजे.

वर्गासाठी एक सूचना

हे सर्व करून पाहायला परदेशी फासे लागत नाहीत. एका डब्यात १ ते २० अंकांच्या चिठ्ठ्या टाका. प्रत्येक वेळी चिठ्ठी काढून, अंक लिहून, परत टाकायची. हा झाला वीस बाजूंचा फासा. दुसऱ्या गटाला लुडोचे तीन फासे द्या. दोन्ही गटांनी शंभर-शंभर दाने नोंदवून स्तंभालेख काढावेत. सपाट आणि उंचवट्याचा आलेख शेजारी शेजारी टांगले, की निम्मे व्याख्यान वाचते. चिंचोके अर्धे करून चार तुकडे टाकले, तर तिसरा आलेखही मिळेल. मात्र चिंचोक्याच्या दोन्ही बाजू सारख्याच वेळा वर येतात असे मानू नये, तेही मोजूनच ठरवावे.

त्यानंतर मुलांनी पाहिलेले एखादे कौशल्य घ्यावे: टकळीवर सूत काढणे, सायकलचे पंक्चर काढणे, कापूस वेचणे. गटागटाने त्यासाठी नियम लिहावा: प्रयत्न कोण करू शकतो, फासा कोणता, कौशल्य कसे वाढते आणि आकडा नेमका कशाचा. नियम लिहून झाला की तो आधी ५ टक्क्यांच्या पात्रावर चालवून पाहायला सांगावे. वीस डाव झाल्यावरही ते पात्र होते तेथेच असेल, तर नियम पुन्हा लिहायचा. पात्र बदलायचे नाही.